गोराईच्या तरीची वल्ही

पुढे नोकरीत मी खून आणि दरोडेही तपासले, पण वल्ह्यांच्या एका जोडीचा तो तपास अजून मनातून जात नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. विधानसभेचं मतदान एका दिवसावर आलं होतं. मी बोरिवलीला नवा फौजदार होतो. सकाळची हजेरी संपली आणि एका पक्षाचा कार्यकर्ता धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, गोराईच्या तरीची वल्ही चोरलीत! पाड्यावर काठ्या निघाल्यात."

त्या पाड्याचं मतदान केंद्र खाडीच्या अलीकडच्या शाळेत होतं. माणसं नेणारी-आणणारी मोठी होडी एकच, तिलाच 'तर' म्हणत. लहान होड्यांची वल्ही तिला पुरत नव्हती. स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदाराला बरोबर घेतलं आणि एका लहान होडीतून पलीकडे गेलो.

ही मोठी होडी दोन भावांची होती. थोरला एका पक्षाचा, धाकटा दुसऱ्याचा. प्रचार सुरू झाल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. आता दोघांच्या मागे वीस-वीस माणसं काठ्या घेऊन उभी होती. मी आधी काठ्या खाली ठेवायला लावल्या आणि होडीचा पंचनामा केला. होडीला कुठे चीर नव्हती. वल्ही बांधायच्या दोऱ्या सोडून नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या. घाईत चोरी करणारा दोऱ्या गुंडाळत बसत नाही. हे काम होडीवर माया असलेल्या माणसाचं होतं.

थोरल्याच्या अंगणात दोघांचे वेगवेगळे जबाब घेतले.

थोरला म्हणाला, "त्यानंच लपवली. त्याची माणसं कमी आहेत ना!"

धाकटा म्हणाला, "मला अडकवायला दादानंच केलंय. लिहून घ्या, साहेब."

तेवढ्यात थोरल्याची बायको पाणी घेऊन आली. तिनं पहिला तांब्या धाकट्याच्या हातात दिला. "सकाळपासून उपाशी आहेस ना रे? पी आधी." आई गेल्यावर या दिराला तिनंच वाढवलं होतं, असं मला नंतर कळलं. पण तांब्या देताना तिनं अंगणाकडेच्या मांडवाकडे चोरून पाहिलं, ते मी टिपलं.

माझा हवालदार मालवणकडचा, मासेमाराच्या घरातला. तो अंगणाकडेला, बोंबील वाळत घातलेल्या त्या मांडवाखाली उभा होता. हळूच म्हणाला, "सायबानू, वांयच वर बघा. ही काठी बांबूची न्हय."

बोंबलांच्या दाट झालरीआड दोन लांब, हाताळून गुळगुळीत झालेले दांडे आडवे बांधलेले होते.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मीच नेली, साहेब. मला धरा."

"का नेलीत, बाई?"

"काल होडीत झेंड्यावरून भांडले दोघं. यांनी वल्हं उचललं याच्या डोक्यावर. मी मधे पडले म्हणून वाचला. उद्या होडी भरलेली असणार, पाणी खोल. मत राहिलं तर पुढच्या खेपेला देऊ. हा गेला तर कुठून आणू?"

थोरला उठून मांडवावरची वल्ही सोडू लागला. धाकट्यानं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, मला सांगायचंस तरी."

"ऐकत कोण होतं?"

कायद्यानं गुन्हा दाखल करता आला असता. मी दोन्ही भावांना विचारलं, "तक्रार आहे?" दोघांनी एकदम मान हलवून नाही म्हटलं. मग मी अट घातली: उद्या होडीवर एकही झेंडा नको, दोन वल्ही दोघांनी मारायची आणि मधे बाईंनी बसायचं. डायरीत लिहिलं, वल्ही सापडली, तक्रार नाही. ठाण्यातल्या वरिष्ठांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी होडीनं सगळ्या पक्षांची माणसं आणली. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि त्या पेट्या पडद्याआड ठेवलेल्या असत. बाई आत एकट्या बराच वेळ होत्या. बाहेर आल्यावर दोघा भावांनी एकदमच विचारलं, "कोणाला दिलंस?"

"विचारत बसा जन्मभर," असं म्हणून त्या होडीकडे चालू लागल्या. दोघे हसत त्यांच्या मागे गेले. प्रचार सुरू झाल्यापासूनचं ते पहिलं हसणं, असं पाड्यावरचा एकजण म्हणाला.

तोवर कुठल्याही प्रकरणात मी आधी शोधत असे, की यात फायदा कोणाचा. त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: इथे कोणाच्या मनात, कोणासाठी भीती होती? पुढच्या सगळ्या नोकरीत या प्रश्नानं मला जितक्या वेळा खऱ्या माणसापर्यंत नेलं, तितक्या वेळा त्या बाईंना मी मनातल्या मनात सलाम केला.