बिनमिठाचं सूप

मुलं मोठी झाल्यावर आहारतज्ज्ञ व्हायला निघालेल्या त्यांना वॉर्डात सगळे ‘काकू’च म्हणत. आज इंटर्नशिपचा शेवटचा रुग्ण होता. देखरेख करणाऱ्या मॅडम दारातून बघत होत्या. जमलं तर प्रमाणपत्रावर सही, नाहीतर आणखी महिनाभर हेच. आणि रक्तदाबवाल्या आजोबांनी बिनमिठाच्या सुपापुढे तोंड फिरवलेलं!

“आधी तू पिऊन दाखव!” ते गुरगुरले.

काकूंनी देवाचं नाव घेऊन वेगळ्या वाटीतून घोट घेतला, आणि त्यांचंच तोंड कसनुसं झालं.

“आजोबा, खोटं कशाला बोलू? अगदीच पाणचट आहे. लिंबू पिळू? मिरपूड घालू?”

“आत्ता कसं माणसासारखं बोललीस!” म्हणत आजोबांनी लिंबू-मिरपूड घातलेलं सगळं सूप संपवलं.

मॅडम हसत आत आल्या. “सही करते काकू, पण तेवढा चेहरा सांभाळा!”