अकरा माणसांचा रस्ता

दौलत पाष्टेवर चिडायचा मला काडीचाही हक्क नाही, तरी मी चिडतो. त्याच्यावर चिडलं की तेवढा वेळ स्वतःला शिव्या घालाव्या लागत नाहीत.

दौलतदादा मूळचा गुहागर तालुक्यातला, वय चौपन्न. शारजाच्या औद्योगिक भागात एकवीस वर्षं वेल्डिंग करतो. आमच्या बाल्कनीचं दार बसवायला आला होता. बोलता बोलता दोघांचा तालुका एकच निघाला आणि त्या दिवसापासून मी त्याचा ‘सुदेशभाऊ’ झालो. माणूस सरळ, इतका सरळ की ऐकणाऱ्याला राग यावा. एकवीस वर्षांत एकदाही कामावर उशिरा गेलो नाही, हे तो मुलीच्या लग्नाच्या गोष्टीपेक्षा जास्त अभिमानाने सांगतो. उजवा गुडघा मात्र पार कामातून गेलाय. फार चालू नका म्हणून डॉक्टरने बजावलंय, आणि चालता आलं नाही तर कंपनी त्याला गावी पाठवणार हे त्याला कुणी बजावायची गरज नाही.

तो राहतो त्या कामगारांच्या कॅम्पात सहाशे माणसं आहेत. कॅम्प रस्त्याच्या अलीकडे, वर्कशॉपं पलीकडे. मधला रस्ता वळणाचा, म्हणून ट्रेलर तिथे हळू होतात. माणसं हात दाखवतात आणि पार होतात, चार मिनिटांचं काम. दीड वर्षापूर्वी ठरलं की हे वळण काढून टाकायचं. रस्ता सरळ करायचा, सहा पदरी, मधे जाळी. मोठ्या गोदामवाल्यांना तो हवा होता, छोट्या गॅरेजवाल्यांना नको होता, आणि त्या भांडणात कॅम्पातली माणसं कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. त्यांनी पलीकडे कसं जायचं? तर चौकापर्यंत चालत जायचं, तिथे वळायचं आणि तेवढंच परत यायचं. अडीच किलोमीटर. ऑगस्टात पहाटे साडेपाचलासुद्धा इथे सदरा पिळून निघतो. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला गुडघे नसतात.

इथे मोर्चे निघत नाहीत, सह्यांचे कागद फिरत नाहीत. दौलतदादा एकटाच टायपिंग सेंटरवर गेला आणि अरबीत अर्ज टाइप करून घेऊन आला. मागणी एकच: रस्ता खुशाल सरळ करा, पण आम्हाला वरून पादचारी पूल द्या. मला वाटलं, अर्ज केराच्या टोपलीत जाणार. नाही गेला. रस्ते खात्याने अख्खा आराखडा तपासायला घेतला. हलिमा मॅडम म्हणून इथल्याच एक तरुण इंजिनियर आहेत, त्या स्वतः येऊन वळणावर अर्धा तास उन्हात उभ्या राहिल्या. पुलाची गरज नाही असा कंत्राटदाराचा अहवाल त्यांनी परत पाठवला आणि वर लिहिलं, एक दिवस सकाळी दोन तास माणसं मोजा. तीनशेच्या वर भरली तर पूल, नाहीतर नाही. सरकारने आणखी काय करायचं असतं?

मोजणीचं काम एका सल्लागार कंपनीला मिळालं. त्या कंपनीत असले तक्ते भरणारा माणूस मी.

मोजणीच्या आदल्या आठवड्यात दौलतदादाचा फोन आला.

“सुदेशभाऊ, ट्यूसडेला गव्हर्नमेंट येतंय म्हणे. गेटवर नोटीस लागलीय, सकाळी इन्स्पेक्शन. आमी काय करायचं?”

“दादा, त्यावर मला बोलता येत नाही. सर्व्हेचा रूल आहे.”

“बरं बरं. तुमी टेन्शन घेऊ नका. आमी बघतो सगळं, इन्शाल्ला.”

‘आमी बघतो’ हे ऐकूनच मी कान टवकारायला हवे होते. मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो.

मंगळवारी साडेपाचला मी आणि ऑफिसातला एक मल्याळी सहकारी कॅम्पच्या समोर, पलीकडच्या बाजूला गाडीत बसलो. हातात आकडा पुढे सरकवणारी यंत्रं. फाटक उघडं आणि रस्ता मोकळा. एरवी त्या वेळी तिथे जत्रा असते. फाटकात दौलतदादा उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. त्याच्या मागे माणसं रांगा लावून उभी, आणि मागच्या दाराने एकेक बस भरून चौकाकडे चाललेली. एक पोरगेला हेल्पर सवयीने रस्त्यावर उतरला, तर दादाने त्याला मानगूट धरून आत ओढलं.

मला पहिल्यांदा कळेना. कळलं तेव्हा डोकं फिरलं.

गावात कलेक्टर येणार म्हटलं की आपण काय करतो? उकिरडा झाकतो, वाट शिंपतो, भांडखोर म्हाताऱ्याला त्या दिवसापुरता लेकीकडे धाडतो. गावाची सगळी दुखणी दडवून ठेवतो. साहेब नारळ घेऊन खूश होऊन जातो, आणि मग आपणच बोंब मारतो की साहेबाने काही पाहिलंच नाही. मार खाऊन खाऊन अंगात भिनलेली ही अक्कल दौलतदादाने विमानातून इथवर आणली होती. आठवडाभर तो आठ कंपन्यांच्या फोरमनांच्या पाया पडला आणि एका सकाळपुरत्या बसेस मिळवल्या. माणसांना त्याने धाक घातला, “रोड क्रॉस करताना पकडलं तर चारशे दिरहम फाइन, म्हणजे नऊ हजारच्या वर रुपये! आणि मॅडमसमोर इज्जत जाईल ती वेगळी.” ज्या गर्दीसाठी त्याने अर्ज केला होता, ती गर्दी त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

सहाला तो कागदी पेल्यांतून दोन चहा घेऊन रस्ता ओलांडून आमच्या गाडीपाशी आला. घामाने डबडबलेला, तोंडभर हसत.

“बघा भाऊ, एक माणूस रोडवर नाय! मॅडमला सांगा, आपले लोक किती डिसिप्लिनमधी हायत.”

अजून दीड तास होता. चारशे माणसं अजून आतच होती. ‘दादा, सोड त्यांना,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तीन शब्द. पण शेजारी सहकारी बसला होता, आणि समोर कागद होता की मोजणाऱ्याने कुणाशी बोलू नये. मी म्हणालो, “थँक्यू, दादा.” चहा घेतला. तो आला त्याचा एक आकडा दाबला होता, तो परत गेला त्याचा दुसरा दाबला.

साडेसातला बेरीज झाली अकरा. त्यातले दोन दौलतदादाचे.

दहा दिवसांनी खात्यात सुनावणी होती. हलिमा मॅडमनी आकडा पाहिला आणि पेन खाली ठेवलं. “सिक्स हंड्रेड बेड्स. ओन्ली इलेव्हन?”

आमच्या कंपनीचे उल्हास सर, स्वतः मराठी, हसून म्हणाले, “मॅडम, दीज पीपल आर व्हेरी डिसिप्लिन्ड. दे टेक द बस.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “यू वेअर देअर. एनीथिंग टू ॲड?”

बाईने दार उघडून धरलं होतं. मी म्हणालो, “नो, मॅडम.” माझा व्हिसा, मुलीची, मिहिकाची शाळा, घराचं भाडं, कारणांची माझ्याकडे वाण नाही. लाज वाटते ती याची की मला त्या वेळी एकही कारण शोधावं लागलं नाही.

पूल नामंजूर झाला. तरीही मॅडमनी निकालाखाली लिहिलं की मूळ अर्जदाराने पंधरा दिवसांत हरकत घेतली तर पुन्हा मोजणी करू. गाडीत बसल्यावर उल्हास सर म्हणाले, “सुदेश, ही फाइल आपल्यासाठी खलास. यल्ला, चल, पुढचं घे.”

त्याच संध्याकाळी दौलतदादाला खात्याचा अरबी मेसेज गेला. वाचायला कुणाला दाखवायची त्याला गरजच वाटली नाही. एवढं शिस्तीत इन्स्पेक्शन झाल्यावर नकार येतोच कसा? मला त्याने आवाजात निरोप पाठवला: “भाऊ, मेसेज आला! पूल झाला की पैला तुमाला वर चढवणार.” मी उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. उद्या सांगू म्हटलं. मग परवा, मग शुक्रवारी.

निकालानंतर विसाव्या दिवशी जाळीचे खांब घेऊन ट्रक आला आणि दादाचा फोन आला. “भाऊ, पुलाचं सामान कुठंय?”

मी गेलो. कॅम्पच्या फाटकात उभं राहून सगळं सांगितलं, अकरा आकडा, सुनावणी, पंधरा दिवस. काहीच वगळलं नाही. आता सांगायला धाडस लागत नव्हतं. त्याने मला आईवरून शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. तो नुसता ऐकत राहिला. मागे ड्रिलिंग चालू होतं.

“म्हंजे लोक सोडायचे होते.”

“हो.”

“आणि मी अडवले.”

“हो, दादा.”

गुडघ्यावर हात दाबून तो फाटकाच्या ओट्यावर बसला, आणि मग मान वर करून त्याने मला विचारलं. रागाने नाही, खरंच माहीत नसल्यासारखं.

“भाऊ, ते पंधरा दिवस तुमचा फोन बंद होता काय?”

माझा फोन चालू होता.