मच्छरदाणीतलं व्हार्निश

सांगलीत विश्रामबागला आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी शनिवार-रविवार तैलरंगांचा वर्ग घेते. येणारी बहुतेक कॉलेजची मुलं. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी कापडी पिशवी घेतलेल्या एक बाई जिना चढून आल्या आणि दारातच थांबल्या. मला वाटलं, मुलीला सोडायला आल्या असतील.

“मुलगी कुठाय?” मी विचारलं.

“ती पुण्याला, नोकरीला. शिकायला मी आलेय.”

त्या सुरेखा मगदूम. वय चोपन्न, गाव समडोळी, नवरा अण्णाप्पा हळदीचा व्यापारी. गावातल्या जैन मंदिरात सणासमारंभाला रांगोळी काढायची ती यांनीच, असा तीस वर्षांचा रिवाज होता. मी विचारलं, एवढी रांगोळी येते, मग तैलरंग कशाला? म्हणाल्या, “रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकतात, मॅडम. झाडून टाकता येणार न्हाई असं कायतरी काढायचंय एकदा.”

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला न विचारता एक प्रयोग केला. घरात हळदीची पोती असताना पिवळा रंग विकत का आणायचा, म्हणून दुकानातली उत्तम हळद जवसाच्या तेलात खलली आणि त्या रंगात झेंडूची फुलं काढली. फुलं इतकी तेजस्वी आली की अण्णाप्पांनी ते चित्र दुकानात, गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर, उन्हात टांगलं. सहा आठवड्यांत झेंडू पार विटला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे मी सांगणार होते, पण तोवर गिऱ्हाइकंच विचारायला लागली होती, “शेट, माल जुना हाय काय?” अण्णाप्पांनी चित्र उतरवून गोदामात ठेवलं आणि बायकोला सगळ्या छटांचे पिवळे रंग स्वतः आणून दिले.

खरी अडचण पुढेच होती. तिचं नाव चंदनाक्का. सुरेखाताईंच्या सासूबाई, वय ब्याऐंशी, पाठ ताठ, नजर सुईत दोरा ओवणारी. एका रविवारी मगदुमांनी मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर आक्का सोप्यात बसून सुनेची रंगांची पेटी न्याहाळत होत्या. एक ब्रश उचलून त्यांनी तळहातावर फिरवला.

“मास्तरीणबाई, हे केस कुणाचं?”

“डुकराचे,” मी म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर आपण कुठे बसलोय ते माझ्या लक्षात आलं.

आक्कांनी ब्रश अगदी हळू खाली ठेवला. झोपलेल्या बाळाला ठेवावं तसा. मग एक ट्यूब उचलली.

“आनि ह्यो काळा?”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “पूर्वी हस्तिदंत जाळून करायचे. आता हाडं जाळून करतात.”

सुरेखाताईंनी डोळे मिटून घेतले. आक्का मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी अख्खी पेटी पुढ्यात ओढली आणि तपासणी सुरू केली. तेल कशाचं? जवसाचं. राहू दे. हे वासाचं पाणी? टर्पेंटाइन, चिडाच्या झाडाचा चीक. राहू दे. पांढरा? खनिजाचा. राहू दे. कॅनव्हास हातात घेऊन त्यांनी पाठपोट बघितला आणि विचारलं, “ह्याला खळ कशाची?” जुन्या पद्धतीत सशाच्या कातड्याचा सरस लावत. मी तिथूनच दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आपल्याकडच्या कॅनव्हासला अॅक्रिलिकचं अस्तर असतं, सरस नाही. आणि बराच वेळ हसला. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. मीही नाही.

शेवटी ब्रश गेले आणि काळा गेला. शिवाय आक्कांनी एक नियम घातला. तैलरंग आठ-आठ दिवस चिकट राहतो, त्यावर चिलटं बसतात आणि अडकून मरतात, तेव्हा ओलं चित्र उघडं ठेवायचं नाही. त्यांनी पापडांवर घालायचं जाळीचं मोठं झाकण त्यासाठी काढून दिलं.

मला वाटलं, संपलं यांचं शिकणं. पुढच्या शनिवारी सुरेखाताई नायलॉनचे ब्रश घेऊन हजर. ते मऊ, त्यांनी घट्ट रंग ओढला जाईना, म्हणून जाड रंगासाठी त्या चाकू वापरायला शिकल्या. पोळीवर लोणी पसरावं इतका सहज त्यांचा चाकू चालायला लागला. राहता राहिला काळा. मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले की ट्यूबमधला काळा वापरू नका, चित्रात भोक पडल्यासारखं दिसतं. गडद निळ्यात गडद तपकिरी मिसळून आपला काळा आपण करा. कुणी ऐकत नसे. सुरेखाताईंना दुसरा इलाजच नव्हता. तीन शनिवार त्यांनी फक्त काळा कालवला. निळा किंचित जास्त झाला की विहिरीच्या तळाचा काळा. तपकिरी जास्त झाला की काकवीचा. दोन्ही सारखे पडले की तव्याच्या बुडाचा. चौथ्या शनिवारी त्यांनी त्यांच्या म्हशीचं चित्र सुरू केलं आणि वर्गातली मुलं आपापली कामं सोडून त्यांच्या मागे उभी राहिली. म्हैस काळी होती, पण पाठीवर आभाळ होतं आणि पोटाखाली ऊब.

ते चित्र अण्णाप्पांनी दुकानात लावलं, या वेळी सावलीत. तिथेच ते आप्पासो गडदे यांनी पाहिलं.

आप्पासो आटपाडीकडचे मेंढपाळ. बिरोबाच्या जत्रेला भंडारा लागतो, म्हणून दरसाल हळद न्यायला येत. म्हशीपुढे ते पोत्याला टेकून पाव तास उभे राहिले आणि मग अण्णाप्पांना म्हणाले, “शेट, म्हस एवढी देखणी निगाली, तर माजा राघू कसा निगंल?”

राघू हा त्यांचा माडग्याळ जातीचा मेंढा. या जातीचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं. राघूचं इतकं बाकदार होतं की आप्पासोंच्या मते पंचक्रोशीत तसं दुसरं नाक नव्हतं, माणसाचंही. सुरेखाताईंना चित्र काढायची फार इच्छा झाली. पण घरात विचारणं भाग होतं.

चंदनाक्कांनी आप्पासोंना सोप्यात बसवलं, ताक दिलं आणि सरळ विचारलं, “मेंढा म्हातारा झाला की काय करनार तुमी?”

आप्पासो गडबडले. “आवं आक्का, त्यो माज्या पोराच्या जागी हाय.”

“पोराचं न्हाई इचारलं. मेंढ्याचं इचारलं.”

“न्हाई इकनार.”

“कसायाला न्हाई का कुनालाच न्हाई?”

आप्पासोंनी ताकाचा पेला खाली ठेवला. “कुनालाच न्हाई. माज्याच दावनीला मरंल त्यो. बिरोबाची आन.”

“मग काढ गं,” आक्का सुनेला म्हणाल्या.

दिवाळीनंतर सुरेखाताई पाच दिवस आटपाडीला जाऊन राहिल्या. पहिल्या दिवशी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगाच्या रेषांनी आकार, मग दाट रंग, तेल हळूहळू वाढवत. खाली पातळ, वर तेलकट, नाहीतर चित्राला तडे जातात, हे मी शिकवलेलं. त्यावर आक्का म्हणाल्या होत्या, भिंत वाळायच्या आत गिलावा केला तर दुसरं काय होणार, ह्यात शिकवायचं काय.

तिसऱ्या दिवशी भांडण झालं. राघूचं अंग पांढरंशुभ्र, त्यावर तांबूस ठिपके. आप्पासोंनी चित्र बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, पोटाला निळा कशापाई लावला? माजा मेंढा काय धोब्याकडचा हाय?”

“सावली निळीच हाय, आप्पासो.”

“मी चार वर्सं बगतोय त्याला. पांढरा हाय त्यो.”

सुरेखाताईंनी वाद घातला नाही. वहीचं पान फाडलं, मधोमध बोटाएवढं भोक पाडलं आणि आप्पासोंच्या हातात दिलं. एक डोळा मिटून त्यातून फक्त पोटाखालचा तुकडा बघा, म्हणाल्या. आप्पासोंनी बघितलं. कागद खाली घेतला, मेंढ्याकडे बघितलं, परत कागद लावला. मग राघूच्या पाठीवरून कागद सरकवत नेला. तिथे ऊन पडलं होतं आणि पांढरा चक्क पिवळा होता. त्या दिवशी आप्पासो संध्याकाळपर्यंत कागदाचं भोक डोळ्याला लावून वाडीभर हिंडले. बायकोच्या चेहऱ्यावर त्यांना हिरवा सापडला. तो त्यांनी बोलून दाखवला, आणि रात्री जेवायला उशीर झाला.

चित्र छान उतरलं. वरून हात लावण्याइतकं सुकल्यावर दोन महिन्यांनी आप्पासो जीपमधून ते घेऊन गेले. जाताना सुरेखाताईंनी बजावलं, आतून सुकायला अजून वेळ लागेल, सहा-आठ महिन्यांनी मी येऊन व्हार्निश लावीन, तोवर काही करू नका.

“व्हार्निश म्हंजी काय असतंय?”

“डामर. झाडाचा डिंक असतो, त्याचं करतात.”

आप्पासोंनी ऐकलं ते डांबर. माझ्या राघूवर रस्त्याचं डांबर ओतणार म्हणून ते इतके हादरले की चित्र न्यायला तयार होईनात आणि ठेवून जायलाही तयार होईनात. आपल्याकडे त्याला राळ म्हणतात, हे आक्कांनी सांगितल्यावर त्यांना धीर आला.

आठ महिने झाले आणि सुरेखाताई मला म्हणाल्या, “मॅडम, तुमीपण चला. हात थरथरला तर धरायला.” आक्काही निघाल्या. त्यांना राघू जिवंत आहे याची खात्री करायची होती.

राघू जिवंत होता, आणि चांगला लठ्ठ. चित्र मात्र तेलात न्हायलं होतं. झालं होतं असं की तांबूस ठिपक्यांचा रंग वाळताना फिका पडला होता. तसं होतं, खालचा थर तेल पिऊन घेतो. आप्पासोंना वाटलं, राघू उपाशी दिसतोय. म्हणून ते दर सोमवारी चित्राला खोबरेल तेल लावत होते. खोबरेल काही वाळत नाही. आठ महिन्यांची आटपाडीची धूळ त्यावर बसून राघूला मिशा आल्या होत्या.

“कुनी सांगितलं हुतं?” सुरेखाताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

“म्या माज्या डोक्यालाबी तेच लावतो,” आप्पासो म्हणाले.

पूर्ण दिवस त्या कापसाचे बोळे साबणाच्या अगदी फिक्या पाण्यात पिळून घेत एकेक इंच पुसत बसल्या. बोळे काळे निघत होते. आप्पासो शेजारी उकिडवे बसून प्रत्येक बोळा बघत होते. संध्याकाळी नाक निघालं. तेव्हा ते उठून चहा सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी व्हार्निश. त्याला वारा चालत नाही, धूळ चालत नाही. आणि इथे शेजारी दोनशे मेंढ्या, म्हणजे माश्या किती ते सांगायला नको. एक माशी ओल्या व्हार्निशमध्ये बसली की चित्रही जातं आणि माशीही. आक्कांना माशीची काळजी जास्त होती. दारं लावली, तरी माश्या येतच होत्या. मी म्हणाले, पुन्हा कधीतरी येऊ.

“मच्छरदानी हाय का?” आक्कांनी विचारलं.

आप्पासोंच्या पलंगाची मोठी मच्छरदाणी खोलीच्या मधोमध बांधली. आत जमिनीवर आडवं चित्र, सुरेखाताई आणि बाटली धरायला आप्पासो. बाहेर मी आणि आक्का. बाटली उघडणार एवढ्यात आत एक माशी दिसली. मग ती बाहेर निघेपर्यंत काम थांबलं. आक्का बाहेरून सूचना देत होत्या, “डावीकडं गेली बग. हात मारू नगंस रं, नुसती वाट दाव.” मेंढपाळांच्या बैठकीत पन्नास जणांना गप्प करणारा तो माणूस गुडघ्यांवर रांगत टोपीने एका माशीला वाट दाखवत होता. अर्ध्या तासाने ती निघाली.

मग सुरेखाताईंनी रुंद मऊ ब्रश बुडवला, निथळू दिला आणि डावीकडून उजवीकडे, एकाच दिशेने, न थांबता पातळ हात दिला. एकदा गेलेल्या जागी परत ब्रश नाही. फिके पडलेले ठिपके एकेक करून जागे झाले. पोटाखालचा निळा खोल गेला. आप्पासोंनी बाटली इतकी घट्ट धरली होती की नंतर ती त्यांच्या हातातून सोडवून घ्यावी लागली.

“आता ह्याला तेल लावायचं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“न्हाई लावत. बघत बसनार नुस्ता.”

इतकं स्वच्छ व्हार्निश मी स्वतः कधी लावलेलं नाही. एक कण नव्हता त्यावर. आता माझ्या वर्गातही मच्छरदाणी आहे, आणि मुलं हसतात.

चित्र बघून आणखी मेंढेवाले आले. प्रत्येकाला आपल्या मेंढ्याचं नाक आहे त्यापेक्षा जरा जास्त बाकदार हवं होतं. सुरेखाताईंनी त्यातले दोघेच घेतले, जे नाक आहे तेवढ्यावर तयार झाले.

सध्या त्या लोणंदच्या कांद्याच्या एका व्यापाऱ्यासाठी काम करताहेत. जयराज त्यांचं नाव. नव्या ऑफिसात लावायला त्यांना कांद्यांनी भरलेल्या पाटीचं चित्र हवं आहे. कांद्याच्या सालीवर सुरेखाताई भाळल्या. खाली फिका रंग पूर्ण वाळवायचा आणि त्यावर जांभळट गुलाबी, काचेसारखा पातळ, थरावर थर. हे शिकायला त्या कधीच्या टपून बसल्या होत्या. पण मगदुमांच्या घरात कांदा येत नाही. आक्कांनी निकाल दिला, “चितार काढ, पर कांदा माज्या उंबऱ्याच्या आत नगं.” म्हणून नऊ कांदे माझ्याकडे खिडकीत मांडलेत, आणि त्या आठवड्यातून तीनदा येतात.

परवा सकाळी घाईत मी त्यातला एक पोह्यांत चिरला. डावीकडून तिसरा, नेमका ज्याची साल चित्रात अर्धी रंगवून झाली होती तो. सुरेखाताई आल्या, खिडकीकडे बघितलं, मग माझ्या ताटलीकडे. पिशवी उचलली आणि जिना उतरल्या. मी वरून बघत होते. समोरच्या भाजीच्या गाड्यावर त्या एकेक कांदा उजेडात धरून फिरवत होत्या, आणि भाजीवाला म्हणत होता, “मावशी, सगळं सारखंच हायत की.”

“न्हाईत,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा उचलला.