खोक्यावरून गाळलेली ओळ

छापखान्यात तिला पाठीमागे चाळणी म्हणत आणि तोंडावर बाई. साबणाची, बिस्किटांची, उंदराच्या औषधाची, जी काही खोकी तिथं छापली जात, त्यांच्यावरचा शब्दन् शब्द आधी तिच्या टेबलावरून जाई. तिची सही झाल्याशिवाय मशीन सुरू करायची मशीनमनची छाती नव्हती. एकवीस वर्षांत एकच चूक सुटली होती, तीही ती रजेवर असताना. हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकी, म्हणजे मागाहून गैरसमज नको.

तिच्या कामाचा एक नियम होता: मजकूर वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. मजकुरात शिरलं की डोळा पुढं पळतो आणि चूक मागं बसून हसते. म्हणून ओळीखाली पट्टी धरून ती एकेक अक्षर दाण्यासारखं निवडत जायची. उंदराच्या औषधाचं खोकं आणि तान्ह्या बाळाच्या पावडरीचं खोकं, दोन्ही सारख्याच चेहऱ्यानं. उंदीर मरो, बाळ वाढो, वेलांटी जागेवर पाहिजे. चूक सापडली की तिची पेन्सिल कागदाच्या आरपार जाई. राग तिच्या नाकावर मुक्कामालाच होता, भाडं न देता.

घरी थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर तो तिच्या दोन खोल्यांत राहायला आला होता. दादानं तेहतीस वर्षं बस चालवली आणि एवढ्या वर्षांत एकाही पाटीचा अपमान केला नाही. हॉर्न वाजवू नये म्हटलं की नाही वाजवला. ताशी वीस म्हटलं की वीस, मग मागं आगीचा बंब खोळंबला तरी बेहत्तर. साहेबाचा तोंडी हुकूम तो ऐकून घेई आणि सोडून देई. "तोंडचा शब्द संध्याकाळपर्यंत फिरतो," तो म्हणे. "पाटी कधी फिरलेली पाहिलीस?"

असल्या माणसाला रक्ताचा कर्करोग निघाला. तीन आठवडे इंजेक्शनं, एक आठवडा विश्रांती, असे सहा फेरे ठरले. डॉक्टरबाई वयानं त्याच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, फेरे वेळेवर झाले तर आशा चांगली आहे. वेळेवर हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. दादाला तो फार पटला. वेळापत्रकाच्या भाषेत कुणी बोललं की त्याला आजारपण म्हणजे नवा मार्ग वाटायचा, थोडा खडबडीत, पण थांबे ठरलेले.

मग माणसं भेटायला यायला लागली आणि माणसांबरोबर ग्रीन टी. आजाऱ्याला काय न्यावं हा प्रश्न जगानं एकमतानं सोडवलेला दिसत होता. महिन्याभरात ओट्यावर अकरा खोकी जमली: लिंबाचा, पुदिन्याचा, मोगऱ्याचा आणि एक नुसताच 'मनःशांतीचा'.

"माझ्या जावेच्या भावापुढं डॉक्टरांनी हात टेकले होते," शेजारीण म्हणाली. "ग्रीन टीनं खडखडीत बरा झाला."

"आता कुठं असतो?"

"वारला हो. पण ते हृदयानं."

तिला चहाचा राग नव्हता. चहा बिचारा, पानं उकळा नाहीतर टाकून द्या, त्याचं काही म्हणणं नव्हतं. राग यायचा तो खोकं ओट्यावर ठेवताना माणसाच्या तोंडावर पसरणाऱ्या समाधानाचा. आपण आपलं केलं, आता रोग जाणे आणि रोगी जाणे. रुग्णालयाच्या रांगेत दोन तास बसायला यातलं एकही समाधान आलं नव्हतं.

दादा मात्र आज्ञाधारकपणे प्यायचा. खोक्यावर तीन कप लिहिलंय तर तीन, पाच लिहिलंय तर पाच. खोकी अकरा असल्यामुळं बेरीज जरा वाढायची.

एका सकाळी कंडक्टर आला. दादाच्या बसवर एकोणीस वर्षं मागच्या दारात उभा राहिलेला माणूस, त्यामुळं घरात शिरतानाही दार धरूनच उभा राही.

"अरे, किती कप ढोसशील? दर अर्ध्या तासाला आत पळतोस. हे घे. अर्काच्या गोळ्या. एका गोळीत दहा कप."

"दहा?" दादा म्हणाला. "म्हणजे एक्स्प्रेस."

"विनाथांबा!"

तिनं खोकं हातात घेऊन उलटसुलट केलं. घडी नेमकी बसली होती, हिरवा रंग कुठं सांडला नव्हता. "हे आमच्याकडचं आहे," ती म्हणाली, आणि आवाजात जरा अभिमानही आला.

"तू तपासलंयस?"

"माझ्या सहीशिवाय जातंय कुठं?"

"मग झालं तर," म्हणून दादानं खोकं रेडिओशेजारी मानाच्या जागी ठेवलं. दोन ते चार गोळ्या असं छापलं होतं. दादा पूर्ण भाडं भरणारा माणूस. त्यानं चार घ्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या फेऱ्याच्या पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि परत उचलला. यकृताचे आकडे चौपट झाले होते.

"आज इंजेक्शन देता येणार नाही, काका. दुसरं काही घेता का? चूर्ण, काढा, ताकदीचं काही?"

"छे छे. मी असल्या भानगडीत पडत नाही. नुसता चहा."

"कसला चहा?"

दादानं पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं आणि डोळे मिटून उघडले.

"हा चहा नाही. एखादा कप प्यायलात तर मी काही म्हटलं नसतं. पण एवढा अर्क रोज पोटात गेला की काही जणांच्या यकृताला सोसत नाही. ह्यानंच झालंय असं छातीठोक सांगता येणार नाही मला. पण आजपासून बंद. विचारायचं होतं ना एकदा!"

"कुणाला?"

"मला."

"तसं लिहिलेलं नाही," दादा म्हणाला. तो उद्धटपणा करत नव्हता, वस्तुस्थिती सांगत होता. मग चष्मा लावून त्यानं खोक्याची मागची बाजू मोठ्यानं वाचायला घेतली, एकेक ओळ, थांबे पुकारावेत तशी.

"पहाटेच्या कोवळ्या उन्हात खुडलेली पानं. शरीर आतून निर्मळ. यकृताचा सच्चा सोबती. दिवसाला दोन ते चार गोळ्या. थंड व कोरड्या जागी ठेवावे."

ती खुर्चीमागं उभी होती. एकवीस वर्षांत आपल्या हाताखालून गेलेला मजकूर ती पहिल्यांदाच ऐकत होती. सगळी अक्षरं बरोबर होती. पण चार गोळ्या आणि थंड जागा यांच्यामध्ये काहीतरी होतं, आणि ते आता नव्हतं. काय होतं ते तिला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी त्या खोक्यावरचा बारकोड मोठा करायचं ठरलं होतं. डिझायनर म्हणाला, बाई, मागची एक ओळ उडवा, जागा नाही. कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, तुम्हीच बघा, फक्त पहाटेचं ऊन ठेवा. तिनं बघितलं. सगळ्यात बारीक टायपात, सगळ्यात खाली एक ओळ होती: औषधोपचार चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. तिनं पट्टी लावून ती सरळ काटली. "अशी बसवलीत बाई," मालक म्हणाले होते, "की इथं काही होतं असं वाटतसुद्धा नाही." ती दिवसभर खूश होती.

त्या संध्याकाळी जेवल्यावर दादानं खोक्यातली गोळ्यांची बाटली उघडली.

"बंद म्हणाल्या ना त्या?"

"म्हणाल्या. तोंडी."

"दादा, डॉक्टर आहेत त्या!"

"उद्या दुसरे येतील, ते दुसरं सांगतील. खोक्यावर तुझी सही आहे, छोटी. त्या पोरीवर विश्वास ठेवू की तुझ्यावर?"

यावर द्यायचं उत्तर तिच्याजवळ होतं. तेवढ्यात शेजारीण बारावं खोकं घेऊन आली, त्यामुळं ते उत्तर नको त्या माणसाच्या अंगावर गेलं. "ठेवा, ठेवा!" ती ओरडली. "डझन पूर्ण झालं! आता तिरडीला तेवढा पुदिन्याचा वास मारेल!" शेजारीण खोकं न ठेवताच गेली. दादा म्हणाला, "तिनं काय केलं गं तुझं?" आणि गोळी गिळली.

दुसऱ्या दिवशी त्याच खोक्याची साठ हजारांची नवी छपाई तिच्या टेबलावर सहीसाठी आली होती. तिनं गाळलेली ओळ लाल शाईनं पुन्हा लिहिली आणि कागद मालकांच्या पुढ्यात टाकला.

"ही ओळ घालायची."

"जागा कुठाय, बाई?"

"ऊन काढा."

"ऊन त्यांना हवंय."

"मग यकृताचा सोबती काढा! कसला सोबती? माझा भाऊ पडलाय तिकडं, त्याचं इंजेक्शन अडलंय या सोबत्यापायी!"

मशीनमननं मशीन बंद केलं. मालक तसे दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी भांडायला तरी बरं असतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, भावाची चौकशी केली. "कंपनी म्हणेल तेच छापायचं, आपण काय वैद्य आहोत?" ते म्हणाले. आणि मग अगदी हळुवारपणे, "शिवाय बाई, ती ओळ तुम्हीच तर काढलीत."

तिच्या सगळ्या रागाला तोवर दारं होती: चहाचं, शेजारणीचं, कंडक्टरचं, कंपनीचं. मालकांनी एका वाक्यात सगळी लावून घेतली आणि ती आत राहिली.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"बरं," म्हणून मालकांनी स्वतःच सही केली. अक्षर सुबक होतं. मशीन सुरू झालं.

तिनं जुन्या फायलींच्या कपाटातून दोन वर्षांपूर्वीचा कागद शोधून काढला आणि भर दुपारी घरी आली. दादा खिडकीशी बसला होता. कीर्तन करून उपयोग नव्हता, तोंडच्या शब्दाची त्याच्याकडं काय किंमत ते तिला ठाऊक होतं. तिनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला. दादानं चष्मा लावला, बोट फिरवत वाचत खालपर्यंत आला आणि काटलेल्या ओळीवर थांबला.

"ही रेघ कुणाची?"

"माझी."

"आणि खाली सही?"

"माझीच."

तो पुन्हा वाचायला लागला, वरपासून.

"वळणाच्या अलीकडची पाटी होती ही," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"काढलीस."

"जागा नव्हती, दादा."

"पाटीला जागा नव्हती. म्हणून पाटी काढलीस, आणि वळण ठेवलंस तसंच."

"ओरड ना माझ्यावर! असा थंडपणे काय बोलतोस? मला तुझ्यासाठी वाईट... मला माहीत होतं का तू घेशील म्हणून?"

"मग कोण घेणार होतं?" दादाचा आवाज आता चढला. "माझ्या मागं पन्नास-पन्नास माणसं घोरत असायची. घाटात, धुक्यात. त्यांची नावं तरी माहीत होती का मला? पाटी बघायची आणि वळायचं. ती पाटी कुणीतरी नीट लावली असेल, एवढ्या एका भरवशावर तेहतीस वर्षं हाकली गाडी. कुणीतरी म्हणजे तुझ्यासारखंच ना? घरचंच माणूस निघालं!"

त्यानं उठून बाटली मोरीत रिकामी केली आणि गोळ्या विरघळेपर्यंत नळ सोडून उभा राहिला. ग्रीन टीची अकरा खोकी त्यानं स्वतः खाली नेऊन कचऱ्यात घातली, तीन मजले, चार खेपा, वाटेत श्वासाला थांबत. ती मदतीला गेली तर म्हणाला, "बाजूला सर." पुढचे दिवस तो तिच्याशी तेवढंच बोलला: पाणी, दार, फोन. तिनं औषधं हातावर ठेवली की आधी पाकीट मागून घ्यायचा आणि सगळ्या बाजूंनी वाचायचा, मगच गिळायचा.

दोन आठवड्यांनी आकडे खाली आले. पूर्ण नाही, पण डॉक्टरबाई इंजेक्शन द्यायला तयार झाल्या. मधला खंड महागात पडला की नाही ते पुढच्या तपासणीत कळेल, म्हणाल्या. नर्स दंडाला पट्टा बांधत असताना तिनं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, ओळीचं, बारकोडचं, सहीचं. कुणी विचारलं नव्हतं. पण डॉक्टरबाईंनी दादाला रागे भरलं होतं, आणि तो राग चुकीच्या पत्त्यावर गेलेला तिला बघवत नव्हता.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. ओळ असती तरी काय झालं असतं? खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचतं कोण?"

"मी वाचतो," दादा म्हणाला.

डॉक्टरबाईंचा हात खांद्यावरून निघाला. नर्सनं शीर शोधली, सुई घातली, पट्टा सोडला. "मूठ सैल करा, काका," ती म्हणाली. दादा समोरच्या भिंतीकडं बघत होता. नर्सनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं मूठ सोडली.