प्लास्टिकमधली खुर्ची

शेजारी नवी गादी आली आणि कोऱ्या प्लास्टिकच्या वासानं मला लेकीची व्हीलचेअर आठवली. जालन्याच्या शिबिरात मिळाली तेव्हा लेक सहा वर्षांची होती. गल्लीतल्या काळ्या चिखलात खराब होईल म्हणून मी खुर्चीचं प्लास्टिकही काढलं नाही. ती माळ्यावर ठेवली आणि लेकीला कडेवर घेऊन फिरले. तीन वर्षांनी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. त्या दिवशी खुर्ची खाली काढली, चाकांना हळदकुंकू लावलं आणि लेकीला बसवायला गेले, तर तिची कंबर आत मावेना. “अजून दाब ना माय, बसते मी,” ती म्हणाली. दाबलं, तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “न्हाई बसत, राहू दे,” म्हणाली आणि नेहमीसारखे दोन्ही हात वर केले. अजूनही करते. आता माझ्यानं तिला उचलवत नाही.