बुडालेलं जहाज आणि दोन चिठ्ठ्या

खरं सांगते, रिद्धपूरला मी भक्तीनं नाही, रागानं गेले होते. माझा निखिल परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला होता. ते जहाज बुडालं. बहुतेक लोक वाचले, माझं लेकरू सापडलं नाही. चार महिन्यांनी कंपनीचा कागद जठारपेठेतल्या आमच्या घरी आला: जहाज खोल पाण्यात आहे, न सापडलेले आतच असावेत, जहाज वर काढणं जोखमीचं आहे, काढावं की तिथंच राहू द्यावं, नातेवाइकांनी कळवावं. दीर म्हणाले, काढायलाच लावा, अग्नी तर देता येईल. निखिलच्या बाबांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मलाही ‘काढा’ असंच लिहायचं होतं, पण हात काही चालेना. देवाचाच राग आला: पोर नेलंस, आता हेही मीच ठरवू?

माहेर महानुभावांचं, म्हणून रिद्धपूर आठवलं. देव माणसाच्या रूपात जिथं बसले, त्या ओट्यावर तिथं डोकं टेकवतात. मी मात्र सासरी गावदेवीपुढं लावतात तसा कौल लावायला बसले! ‘काढा’ आणि ‘राहू द्या’ अशा दोन चिठ्ठ्या ओट्यावर ठेवल्या. शेजारी झाडत असलेल्या एका म्हाताऱ्या तपस्विनीनं माझा हात धरला.

“माय, अठी कौल लावत नसतात. काय झालं तुले?”

मी सगळं भडाभडा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते काढाले पाण्यात कोण उतरीन?”

“पाणबुडे. त्यायचं कामच आहे ते,” मी फटकन बोलले.

“त्यायच्या मायले इचारलं काय कोणी?”

असा संताप आला मला! माझ्या पोराचं कोणाला काही नाही, आणि हिला त्यांची पडली. पण ओट्यावर डोकं टेकलं आणि रडूच फुटलं. उठले तेव्हा ती पुढचं अंगण झाडत होती. चिठ्ठ्या मीच मुठीत चुरगाळल्या आणि पायरीवर बसून कंपनीच्या कागदावर लिहिलं: माझ्या लेकरासाठी कोणाचं लेकरू खाली पाठवू नका.

ती बाई देवानं पाठवली, की ती रोजच तिथं झाडते, मला माहीत नाही. बरोबर केलं की चूक, तेही अजून कळत नाही. दीर बोलायचे बंद झालेत, आणि कंपनीचं अजून काही ठरलेलं नाही. पण देवा, निखिल आता तुझ्या हवाली, एवढं तोंडातून निघालं, हेच मोठे उपकार. रोज दंडवत घालताना निखिलचं नाव घेते. त्याच्यासोबत त्या कोण्या पाणबुड्याचंही घ्यावंसं वाटतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही. मग त्यालाही मी निखिलच म्हणते.