मिऱ्याचा दाणा

कमलनगरच्या एका कापडदुकानदाराच्या काचेच्या कपाटात साड्या नाहीत, बोटभर मोटारी आहेत. चोवीस तासांच्या शर्यतीत पळालेल्या खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. गिऱ्हाईक साड्या उलगडून बघतंय तोवर हा मोबाइलवर जुने फोटो ताणून एखादीचा इतिहास शोधत बसतो. "हिला पावसानं लई छळलं," म्हणतो, आणि नवं गिऱ्हाईक विचारतं, "कोण, सून?"

खंडेनवमीला त्यानं सगळ्या गाड्यांना कुंकू लावलं. निघणाऱ्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तसा एका निळ्या गाडीच्या चाकाखाली मात्र मिऱ्याचा दाणा ठेवला.

"हिलाच कामून?" मी विचारलं.

"बाकीच्या पोचल्या की, अण्णा. ही शर्यतीत पहाटं बंद पडली." त्यानं काच हळूच लोटली. "ही अजून वाटंवरच हाय."